नखाएवढा रणगाडा

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी माझे हातपाय गार पडले होते. आमच्या हेंद्रेपाड्याच्या घरी मुलगा विजू आणि त्याचा उल्हासनगरचा मित्र महेश जेवणाच्या टेबलावर खेळण्यातल्या रणगाड्यांची लढाई मांडून बसले होते. एकेक रणगाडा नखाएवढा. मोठ्या लढाईला नियम कोणते घ्यायचे, यावरून वाद. महेश म्हणे, मेलेला रणगाडा लगेच उचलायचा, खेळ तासात संपतो. विजू म्हणे, मेलेला तिथेच ठेवायचा, वर धूर म्हणून कापूस लावायचा. आधी महेशचे नियम खेळून बघितले.

आवरताना विजू म्हणाला, "एक कमी आहे."

टेबलाखाली विजूची मुलगी, आमची नऊ महिन्यांची नात, रांगत होती. तोंड हलवत होती.

"बाबा, तिच्या तोंडात बघा!"

मी बोट घातलं. टणक काहीतरी लागलं. ओढतोय तर निघेना, पोर किंचाळली. सून धावत आली. "बाबा, सोडा! दात आहे तो, नवीन आलाय."

"म्हणजे गिळला!" विजू रिक्षा आणायला पळाला.

गाडीची चावी काढायला महेशने खिशात हात घातला आणि पांढराफटक पडला. "काका, सॉरी... मेला म्हणून उचलला, तो खिशातच टाकला."

मी म्हटलं, "आता विजूचेच नियम. मेलेला डोळ्यांसमोर दिसला पाहिजे."

"काका, मग लढाई दिवसभर चालेल."

"चालू दे रे. तोवर पोरगी माझ्या कडेवर."