पायलची आई आणि फरसबंदी

सकाळी बरोबर सात वाजून दहा मिनिटांनी माह्यावर संकट आलं, तुम्हाले सांगते... मी इथी चुलीवर भात मांडून राह्यली, आन् माही पायल, चौथीतली, वही घेऊन समोर उभी. “आई, फरसबंदी म्हणजे काय? आन् हा शब्द आला कुठून? बाईनं म्हणलं, आईलेच विचारून लिहून आणा.” आईलेच काऊन? बापाले काऊन नाई? बाप तर पहाटेच जाळं घेऊन तलावावर! आन् ‘मले येत नाई’ म्हणू तरी कोणत्या तोंडानं? रोज अभ्यासाले बसवताना मीच तिले ऐकवते ना, सातवीत मराठीत मी पहिली आली होती! (पहिली कायची जी... पास झाली होती, पास!)

सासूबाईले, बायनाबाईले, विचारलं. त्याईनं नाक मुरडलं, “फरसबंदी? अंगण शेणानं सारवलं का झाली! जा, शेण आण!” घ्या! अर्धं अंगण सारवून बसली मी, सातवीत पहिली आलेली!

पण शब्द आला कुठून, हे सासूबाईले कुठं ठाव! हात धुतले आन् पळाली शेजारच्या मंगरूभाऊकडे. चार वर्सं हैदराबादेत फरश्या बसवल्या ना त्याईनं! तर भाऊ नव्या सिमेंट रोडवर धान वाळू घालून, काठीनं कोंबड्या हाकलत बसले. “सांगतो ना वं पोरी, पयले दोन फेऱ्या मार.” म्हणजे धानातून पाय फरफटत चालाचं, खालचं धान वर आणाचं! मी चालून राह्यली, मागून फटफटीवाले पोंपों करून राह्यले, घरी भात करपून राह्यला, आन् भाऊ मजेत, “फरश म्हणजे अंथरलेलं. फारसीतला शब्द हाय, आमचा मुकादम सांगे. बंदी म्हणजे बांधणं. दगड अंथराचे आन् असे बांधाचे का हलले नाई पायजेत... पोरी, तो कोपरा राह्यला वं!” दोनच्या अकरा फेऱ्या झाल्या जी!

घरी येऊन पायलले असं सांगतलं, जसं पाळण्यातच शिकली होती. पोरगी पाहतच राह्यली. “आई, तुले सगळंच येते वं!” काळीज सुपाएवढं झालं माहं. मंग! सातवीत पहिली!

संध्याकाळी पोरगी उड्या मारत आली. “अख्ख्या वर्गात माहंच बरोबर! बाईनं तुले चिठ्ठी देल्ली.” चिठ्ठीत काय? शनिवारी शाळेत पायलच्या आईनं सगळ्या आयांना असेच दहा शब्द समजावून सांगावेत. दहा! यादी सोबत!

आता कोणी शाळेकडे जात असान तर येवढं करा जी... बाईले निरोप द्या, पायलची आई अहेरीले माहेरी गेली. कवा येते म्हणून विचारलं, तर म्हणा, पायल दहावी पास झाली का येते!