लिटरला बारा

रिबेका : खाली बघ, नुरीत. माझ्या बहिणीच्या शिव्ह्याचा, सुतकाचा सातवा दिवस, सासू तुझी अजून जमिनीवर बसलेली, आणि तुझा नवरा मोटारीला अंघोळ घालतोय. वरातीच्या घोड्यालासुद्धा कुणी एवढं चोळत नाही.

नुरीत : आई, दहाला निघायचंय. येहुदित मावशींच्या कबरीवर जायचं म्हणून पुसतोय तो. धूळ बसली होती.

रिबेका : त्या मोटारीत मी बसायची नाही. एकदा बसले ते जन्माला पुरे.

नुरीत : अंडं तरी खा. सकाळपासून पोटात काही नाही.

रिबेका : अंडं ठेव तिकडे. इथे बस माझ्यापाशी. आज उठल्या उठल्या मी गेउलाला फोन केला.

नुरीत : तुम्ही? तुम्ही तर म्हणत होतात, आधी तिने करावा.

रिबेका : म्हणत होते. सहा दिवस म्हणत होते. माझी सख्खी बहीण गेली, भाचीने एका शब्दाने बोलवावं, मी जाऊन त्यांच्यात बसते. नाही बोलावलं. आज सातव्या दिवशी मान वाकवली आणि केला. काय म्हणाली ठाऊक आहे? "मावशी, आई दोन आठवडे दाराकडे बघत होती. जिवंतपणी तुम्ही आला नाहीत, आणि मेल्यावर निम्म्या वाटेतून गाडी फिरवलीत. आता कशाला फोन?" आणि ठेवला. निम्म्या वाटेतून मी फिरवली? मी?

नुरीत : अंडं गार होतंय, आई.

रिबेका : अंड्याला काय होतंय ते मला नको सांगू. मझगान चालू आहे, खोली गार पडलीय, तरी तुझ्या कपाळाला घाम. काय ठाऊक आहे तुला?

नुरीत : मी सांगितलं तर घरात भांडण होईल.

रिबेका : होऊ दे. मुक्या घरापेक्षा भांडणाचं बरं. बोल.

नुरीत : लेव्हायाच्या, मावशींना मातीत ठेवायच्या दिवशी लोदच्या अलीकडे आपलं पेट्रोल संपलं. रूवेनभाऊजी डबा घेऊन पंप शोधायला गेले. तुम्ही मुलांना घेऊन झाडाखाली...

रिबेका : माझं मला सांगू नको. दोन वाजले, तिकडे माझी येहुदित मातीत उतरली, आणि मी हमरस्त्याच्या कडेला बसून सुतकाच्या रीतीने माझ्या हाताने माझं पोलकं फाडलं. रब्बी नाही, चार माणसं नाहीत. लॉरीवाले काचेतून बघत होते, म्हातारी येडी झाली म्हणून. पुढे बोल.

नुरीत : बेझालेलने तेव्हा गेउलाला फोन केला. मी बाजूलाच उभी होते. तो म्हणाला, आईला घेरी आली, ती म्हणते गाडी परत फिरव.

रिबेका : पेट्रोल संपलं म्हणाला नाही?

नुरीत : नाही.

रिबेका : आणि जावई रूवेन डबा घेऊन आल्यावर बेझालेल मला सांगतो, गेउला म्हणाली लोक पांगले, आज येऊ नका, मी बोलवीन तेव्हा या.

नुरीत : असं काही ती म्हणाली नव्हती.

रिबेका : आणि तू सहा दिवस मला चहा देत होतीस.

नुरीत : देत होते. कप खाली ठेवताना रोज वाटायचं, आता सांगते.

रिबेका : बरं. तू चालवतेस ना ती मोटार? मी शाळेचं तोंड बघितलं नाही, पण तीस वर्षं लॉरीवाल्याबरोबर संसार केला. तुझा सासरा निघायच्या आधी टाकीत काठी बुडवायचा, ओल कुठवर चढली ते बोटाने मापायचा, मग चावी फिरवायचा. ही लिटरला किती जाते? खरं सांग.

नुरीत : बारा कंपनीच्या छापील कागदावर. मी मुलांना शाळेत सोडते, बाजार करते, मझगान लावते. सात जाते. सगळी माणसं बसली की साडेसहा.

रिबेका : आणि पेसाहच्या सणाला टेबलावर पंचवीस माणसांसमोर काय सांगत होता? जीपसारखी उंच, सात जण आरामात, तरी लिटरला बारा! रूवेनच्या जुन्या डबड्याला किती हसला!

नुरीत : तेव्हापासून तो टाकी पूर्ण भरतच नाही. एका वेळी पंधरा लिटर, वीस लिटर. पंपावरचा आकडा मोठा झालेला त्यालाच बघवत नाही. मावशींचा फोन आला, एकदा बघून जा म्हणून, तेव्हा तीनदा ढकललं त्याने. आधी टायर, मग सर्व्हिस, मग ऑफिसचं काम. टायर चांगले होते, आई. इथून पेताह तिक्वा जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. मला म्हणाला, पगार होऊ दे, मग जाऊ.

रिबेका : बेझालेल! वर ये. आहेस तसा ये.

(बेझालेल ओला फडका हातात घेऊन दारात येतो.)

बेझालेल : काय झालं? आतून झाडायची राहिलीय, दहा मिनिटं दे.

रिबेका : त्या दिवशी ह्याच दारात रूवेनने विचारलं, पंपावर थांबायचं का? तू काय सांगितलंस?

बेझालेल : आता ते कशाला?

रिबेका : मी विचारते म्हणून.

बेझालेल : म्हणालो, कालच भरली. पण रेगा, रेगा, थांब, ऐक ना आई. समोर आकडा एकशेचाळीस किलोमीटरचा होता. रस्ता शंभरचा. गाडीतला तो कॉम्प्युटर आदल्या दिवसाच्या चालण्यावरून सांगतो. आदल्या दिवशी मी एकटा, रस्ता मोकळा. त्या दिवशी सात माणसं, मझगान फुल, समोरून वारा, रामलेपासून गाड्या तुंबलेल्या. एकशेचाळीसचे साठ झाले, साठचे दहा. कंपनीवाले बंद खोलीत रोलरवर चालवून मोजतात. वारा नाही, उतारू नाहीत. त्यात माझा काय दोष?

रिबेका : बंद खोलीत मीपण धावेन ह्या गुडघ्यांनी. किर्यात गातला पंप होता?

बेझालेल : होता.

रिबेका : मी काय म्हणाले?

बेझालेल : थांब म्हणालीस.

रिबेका : मलाखीच्या नाक्यावर?

बेझालेल : होता. तिथेही म्हणालीस.

रिबेका : तिथे तुझी लेक ओशरात मागून ओरडली, अबा, पिवळा दिवा! आठ वर्षांच्या पोरीला दिसला. तू?

बेझालेल : मी म्हणालो, दिवा लागल्यावरही पन्नास जाते.

रिबेका : बाराने पन्नास, का सातने?

बेझालेल : नुरीत, तू सांगितलंस?

नुरीत : हो.

रिबेका : तिच्याकडे बघू नको. का थांबला नाहीस?

बेझालेल : उशीर होत होता.

रिबेका : बेझालेल.

बेझालेल : रूवेन शेजारी बसला होता. काल भरली म्हणतोस आणि आज रिकामी? हसला असता तो. दुसरं काही नाही, नुसता हसला असता. मला वाटलं, पोचेल.

रिबेका : आणि फोनवर माझं नाव का पुढे केलंस?

बेझालेल : तोंडातून निघून गेलं. तिथे सगळी माणसं जमलेली. नात्यातला मेईर होता, माझं ऐकून तोही हीच गाडी घेणार होता. आणि तुझं नाव सांगितलं की पुढे कुणी विचारत नाही, आई. सगळ्यांना ठाऊक आहे, तू नाही म्हणालीस की नाही.

रिबेका : फोन लाव गेउलाला.

बेझालेल : तिथे गेल्यावर समोरासमोर सांगतो ना. गाडीत काहीतरी बिघाड झाला म्हणून...

रिबेका : गाडी धड होती. लाव. मला ऐकू येईल असं बोल.

बेझालेल : गेउला? बेझालेल. ठेवू नको, एक मिनिट. त्या दिवशी आईला घेरी आली नव्हती. मी खोटं बोललो. पेट्रोल संपलं होतं. हो, पेट्रोल. मीच भरलं नव्हतं. आई सारखी म्हणत होती थांब, मी दोन पंप सोडले. तिने रस्त्यावर बसून कपडा फाडला, गेउला, सगळ्या पोरांसमोर. आणि त्याआधी मावशीने बोलावलं तेव्हाही मीच आणलं नाही तिला. काय? नाही, कुणी सांगायला लावलं नाही. हो, इथेच आहे, बाजूला. पण त्याचा काही... गेउला? गेउला?

रिबेका : काय म्हणाली?

बेझालेल : ठेवला.

रिबेका : काय म्हणाली ते विचारते.

बेझालेल : म्हणाली, "मावशी तुझ्या डोक्यावर उभी राहून वदवून घेतेय. माझ्या लग्नात माझ्या नवऱ्याला वाळत घातलेला पायजमा म्हणाली, तेव्हाही दुसऱ्या दिवशी माफी मागायला तुलाच धाडलं होतं. आजही तुलाच धाडलं."

नुरीत : आई, मी बोलते तिच्याशी.

रिबेका : तू माझी सून. तुझ्या तोंडातही तिला माझीच जीभ दिसेल. आणि पोर खोटं कुठे बोलते? धाडलं होतं मी ह्याला. माझी पिशवी आण. साडेनऊची बस बेर शेवाला जाते, तिथून पुढची मिळेल. येतेस?

नुरीत : येते.

बेझालेल : आई, टाकी भरलीय. काल काठोकाठ भरली, चल खाली, दाखवतो. वाटेत म्हणशील तिथे थांबवीन. मला मार, शिव्या दे, पण ह्या पायांनी दोन बसा नको बदलूस. आई, काहीतरी बोल.

रिबेका : बोलते. आजवर तुझ्या प्रत्येक चुकीला मी ओरडले आणि विसरले. आज ओरडत नाही. पेट्रोल संपलं, ते मी माफ केलं, माणूस चुकतो. खोट्यात माझं नाव घेतलंस, तेही केलं, नाव तसं मीच करून ठेवलं होतं. पण येहुदित दोन आठवडे दाराकडे बघत होती आणि तू मला टायर सांगत होतास. ती माफी तिची, आणि ती आता नाही. मी मेले की मला मातीला न्यायला रूवेनला सांग. तू मागून चालत ये.