न धुतलेला दुपट्टा

पोलीस स्टेशन सेलू, जि. वर्धा
दि. ८/५/२०२५, दुपारी २.१० वा.

मी रत्नदीप रामाजी थूल, वय ५१ वर्षे, धंदा नोकरी (प्राणिरक्षक), रा. हिंगणी, ता. सेलू, जि. वर्धा. कोणी न बोलावता स्वतः हजर होऊन जबाब देतो की,

हिंगणी रस्त्यावरील प्राणिसंग्रहालयात मी अकरा वर्षांपासून गेंड्यांची देखभाल करतो. गोदा नावाच्या मादीला नराकडे केव्हा सोडायचे ते मी ठरवले. ती सोळा महिने गाभण होती. दि. २१/३/२०२५ रोजी ती व्याली तेव्हा तिच्याजवळ मी एकटा होतो.

गोदाने पिल्लाला अंगाला लागू दिले नाही. दुसऱ्या दिवशी मला ताप आला. संग्रहालयाच्या साहेबांनी मला रजेवर पाठवले व बाटलीने दूध पाजण्याचे काम मोनाली अश्विन नगराळे, वय २६ वर्षे, हिला दिले. ती माझ्या हाताखाली शिकली आहे. गेंड्याची नजर अधू असते, तो वासाने ओळखतो. म्हणून दूध पाजणाऱ्याने रोज तेच कपडे घालावेत, ते धुऊ नयेत, फक्त उन्हात टाकावेत, अशी आमच्याकडे रीत आहे. ती मीच तिला सांगितली.

नऊ दिवसांनी मी कामावर आलो व बाटली हातात घेतली. पिल्लाने माझा हात हुंगला आणि ते मोनालीच्या मागे जाऊन उभे राहिले. फाटकावरील अंकुश म्हणाला, "काऊन जी थूलभाऊ, नात आजोबाले ओळखत नाई का?" मोनाली हसली. म्हणाली, "काका, तुम्ही तिच्या मायले पाहा. हिले मी आहो ना."

त्यानंतर महिनाभर मी गोदाला चारा टाकला. पिल्लू जाळीपलीकडे होते. मोनाली आली की ते शिट्टीसारखा आवाज करी. दिवसातून सात वेळा.

दि. ३/५/२०२५ रोजी सायंकाळी सहा वाजता मोनाली घरी गेल्यावर तिचा दूध पाजतानाचा, खुंटीवरील शर्ट मी हौदावर साबणाने धुतला. सोबतचा तिचा दुपट्टा धुतला नाही. तो डब्याच्या पिशवीत ठेवला. का, असे विचारता सांगतो की, तो लागणार होता.

दि. ४ रोजी सकाळी तिने विचारले, "काका, माहा शर्ट कोणं धुतला? अन् दुपट्टा कुठी गेला?" मी म्हणालो, "मले काय मालूम." साबणाच्या वासाने पिल्लू बिचकले. तीन बाटल्या तशाच राहिल्या. दुपारी ते बसले ते उठेना. मोनाली शर्टाचे सांगत होती. साहेबांनी मला विचारले. मी म्हणालो, तिनेच धुतला असेल. साहेबांनी तिला बाहेर काढले व दुधात काही मिसळल्याची तिच्याविरुद्ध येथे तक्रार दिली.

त्याच दिवशी चार वाजता मी तिचा दुपट्टा गळ्यात बांधून आत गेलो. ऊन असल्याने कोणी काही विचारले नाही. पिल्लू उठून आले. पूर्ण बाटली प्याले. मग माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपले. त्याचे वजन एकशे वीस किलो आहे. मी पाय काढला नाही. साहेब म्हणाले, "थूल, तुम्ही होते म्हणून वाचलं."

दुधात काही नव्हते. मोनालीचा दोष नाही. हे चार दिवस का सांगितले नाही, असे विचारता सांगतो की, पिल्लू माझ्याकडे येत होते.

काल ते अर्धी बाटली प्याले. आज सकाळी दुपट्टा हुंगून मागे सरले. दुपट्ट्याला आता माझा वास येतो.

पुढची बाटली चार वाजता आहे. त्याआधी मोनालीला आत सोडावे. तिने घरचे रोजचे कपडे घालावेत, अंगाला साबण लावू नये. दुपट्टा हजर करीत आहे. तिला देण्यापूर्वी तो धुवावा.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितले तसेच लिहिले आहे. काही कमी करायचे नाही.

(सही) र. रा. थूल