दोन पोती कोंबडीखत

...नाही, पण मी म्हणतो, शिकलेलं चार लोकांत वाटलं तर माझं चुकलं काय? तुम्हीच सांगा. आमच्या नवापुरात शिबिर होतं, 'शहराचं आरोग्य, धरतीचं आरोग्य', बाहेरगावच्या मॅडम, पडद्यावर चित्रं, मध्ये चहा-भजी, म्हणजे मी पहिल्या रांगेत. मॅडम म्हणाल्या, कचरा जाळू नका, धूर आपल्याच छातीत जातो, सालं-देठांचं खत करा, गच्चीवर भाजी लावा, आणि शिकलात ते वाटा! आता वाटायचं म्हटलं की आपल्याला राहवतं का? लोक मला लग्नाच्या पत्रिकासुद्धा वाटायला देतात.

तुम्हाला सांगतो, ड्रम आणला, सालं टाकली, आठ दिवस वाकून बघतोय, सालं आपली सालंच. आता नवापूरचा माणूस काय करील? चहूकडे पोल्ट्री, कोंबडीखत हाकेवर, आणि मॅडमच्या पडद्यावर ते नव्हतंच, म्हणजे हा शोध माझा! पोल्ट्रीत शेड झाडणाऱ्या धनीबाईकडून दोन पोती मागवली, ताजी, अजून कोमट. ती पोती उतरवत म्हणते, "दादा, हे आधी..." म्हटलं, "थांब धनीबाई, शिबिराला कोण गेलं होतं, तू का मी?" बिचारी पदर खोचून बसली आणि मी तिला अर्धा तास खत शिकवलं. मग पोती ओतली, वर बादलीभर पाणी, व्हिडिओ काढला, गल्लीच्या ग्रुपवर टाकला, चर्चच्या ग्रुपवर टाकला, सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकला. मॅडम म्हणाल्या होत्या ना, शिकलात ते वाटा!

तिसऱ्या दिवशी जो वास सुटला... अहो, जेवताना ताट झाकून घास घ्यायचा, इतक्या माश्या. बरं, एकट्याचा ड्रम असता तर दोष दुसऱ्या कुणावर ढकलला असता, पण गल्लीत सात ड्रम, सगळे माझे शिष्य. समोरच्या फुलवंताबाई ओट्यावरून म्हणतात, "स्टीफनभाऊ, मन्हा घरमा पाव्हना बठेल शेतस, नाकले फडकं बांधीसन!"

आणि ग्रेसी, म्हणजे आमच्या मंडळी, भांडली असती तर बरं होतं. तिनं शांतपणे पिशवी भरली. "मी चालले खांडबाऱ्याला, आईकडे. घरात ड्रम राहील नाहीतर मी." सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

धावत गेलो धनीबाईकडे. म्हणाली, "ताजं खत गरम असतं, दादा. आधी दोन महिने मुरवायचं. मग मूठभर घालायचं, वर सुका पाला. पाणी तर नाहीच."

"मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते. तुम्ही शिकवत होते."

तिलाच सोबत घेतलं. दोन दिवस सातही घरं फिरलो. ती पुढे बोलतेय, हे उपसा, ते झाका, आणि मागे मी, डोक्यावर पाल्याचं पोतं. वास उतरला तसा ग्रेसीला फोन लावला, "ये गं, हवा एकदम स्वच्छ." म्हणाली, "निघालेच आहे." मी आपला खूश, माझ्यावाचून करमलं नाही म्हणून चहा टाकून बसलो.

आली. पिशवी आपटली. म्हणाली, "आईच्या गल्लीत नऊ ड्रम आहेत. सगळ्यांकडे तुमचाच व्हिडिओ."

शिकलात ते वाटा... वाटतो की. उद्या सकाळच्या गाडीनं निघतोय खांडबाऱ्याला. धनीबाई बोलणार आहे. मी पोतं धरणार आहे.