भरलेला पेनड्राइव्ह रिकामा दिसला

आमी मूळचे नातेपुत्याकडचे, पन माजा जन्म सोलापुरातलाच, वडील मार्केट यार्डात हमाली करायचे आन् आई बिड्या वळायची, म्हणजे कॉम्प्युटरचा आन् आमच्या घराचा संबंध काय असणार, तुमीच सांगा. बारावीनंतर मी मराठी टायपिंग शिकायला लागलो, मास्तर म्हणायचे मिलिंद, तुजी बोटं लई चपळ हायत, आन् टायपिंग करता करता मला मशीन उघडून बगायचा नाद लागला. बंद पडलेला कॉम्प्युटर दिसला की माजे हात शिवशिवायचे, अजून शिवशिवत्यात. आता सात रस्त्याजवळ माजं सोताचं दुकान हाय, फॉर्म भरणे, टायपिंग, प्रिंट, दुरुस्ती, समदं एका छपराखाली. फुशारकी न्हाय मारत, पन ह्या भागात लिनक्स म्हणलं की लोक माज्याकडंच बोट दाखवत्यात.

लिनक्स म्हणजे काय, तर कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ती मूळची यंत्रणा, फुकट, कुणीबी घ्या, कुणालाबी द्या, उघडून आतलं बगा, कोण अडवणार न्हाय. त्याचे लई प्रकार हायत, आन् त्यातला एक मी शिकत हुतो त्या काळात लई गाजला हुता, मी त्याचं नाव घेत न्हाय, ज्याच्यासंगं इतकी वर्षं काढली त्याला चारचौघांत नावं ठेवायची माजी इच्छा न्हाय. त्याची सीडी परदेशातनं टपालानं घरी यायची, एक पैसा न घेता. काय सांगू तुमाला, पोस्टमन वस्तीत इचारत इचारत आला, परदेशातनं पाकीट आलंय, कोण हाय हा, आन् आमच्या आईनं ते पाकीट नेऊन बुद्धाच्या मूर्तीपाशी ठेवलं, म्हणली आधी तितं ठेव मग फोड. मी फोडलं, आत सीडी, आन् वर लिहिलेलं, वापरा आन् दुसऱ्याला द्या. मला ते लई भावलं. आमच्यासारख्याला कुणी परदेशातनं आपणहून काय पाठवतं व्हय?

मग मी सुटलोच. रविवारी विहारात वंदना झाली की वस्तीतल्या लोकांना शिकवायचो, जुनी मशिनं घ्यायचो, त्याच्यावर हे टाकायचो, आन् भंगारात निघालेली मशिनं पळायला लागायची. आमचे एक रिटायर गुरुजी हायत, त्यांच्या मशीनला दर महिन्याला व्हायरस यायचा, ते टाकल्यापास्नं एकदा बी आला न्हाय. मी छातीला हात लावून सांगायचो, गुरुजी, हे बिघडलं तर मला धरा. अशी कितीतरी मशिनं, आन् प्रत्येकाच्या मागं माजा शब्द.

पन माणसाचं जसं व्हतं तसं त्या लिनक्सच्या प्रकाराचं झालं. एके वर्षी नवीन आवृत्ती घेतली तर सगळी मेनूची मांडणीच बदललेली, बटणं उजवीकडची डावीकडं, गुरुजी म्हणले मिलिंद, ह्यात माजं घरच सापडंना. मी म्हणलं गुरुजी, नवीन हाय, सवय व्हईल. मग पुढं आपण आपली फाइल शोधाय गेलं की इंटरनेटवरच्या दुकानातला माल दिसायला लागला, हे घ्या ते घ्या. मागनं बनवणाऱ्यांनी ते काढलं बी, पन डोळ्यात खडा गेल्यावानी झालं ते झालंच. मग ज्या काळ्या खिडकीत आपण हुकूम टाइप करतो तितं बी जाहिरात, आमची अमकी सेवा घ्या. मी म्हणायचो, त्यांना बी पोट हाय. प्रत्येक बारीला मी त्यांची बाजू घेतली बगा. लग्नात जावई कसा बी वागला तरी सासरा म्हणतो की, दमला असंल बिचारा, तसं.

आन् मग ते पेट्यांचं आलं. म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या बंद पेटीत, पेटीच्या बाहेर त्यानं हात घालायचा न्हाय, का तर सुरक्षा. ठीक हाय की, सुरक्षा पायजेच, मी बी तेच म्हणलं. पन मी नवीन आवृत्ती घेतली आन् माजं इंटरनेटचं ब्राउझर, ज्याच्यावर माजं समदं दुकान चालतं, ते न इचारता काढून पेटीतलं बसवलं. सकाळी पैल्यांदा उघडलं की हितं चहा पिऊन व्हायचा तवा तितं पान दिसायचं. तरी मी गप. गिऱ्हाइकाला सांगायचो, जरा दम धरा, चांगल्या गोष्टीला येळ लागतो.

ही नवीन आवृत्ती टाकून चारच दिवस झाले असतील, सुरेखाताई आली. उजनीच्या काठावरच्या गावातली बाई, नवरा धरणाच्या पाण्यावरच्या मोटारी दुरुस्त करायचा, कधी मासे बी धरायचा, दोन वर्षांमागं हार्ट अटॅकनं गेला. तिला मुलींच्या वसतिगृहात मदतनीस म्हणून फॉर्म भरायचा हुता आन् त्याच दिवशी शेवटची तारीख. सकाळची एस्टी धरून आलेली, पिशवीत अस्सल कागद, आन् एका रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह, त्यात गावातल्या दुकानातनं स्कॅन करून आणलेलं समदं. दुकानात गर्दी, शेवटची तारीख म्हणल्यावर गर्दी असणारच. मी पेनड्राइव्ह लावला, फॉर्मवर कागद जोडायची खिडकी उघडली, पेनड्राइव्हवर दाबलं, तर रिकामा. काय न्हाय आत. काढला, परत लावला, परत रिकामा. मी म्हणलं ताई, तुमचा पेनड्राइव्ह गेलाय. ती म्हणली असं कसं, काल तर गावात समदं दिसत हुतं. मी म्हणलं तितल्या मशीनमदनं व्हायरस आला असंल, हितं माज्याकडं लिनक्स हाय, माज्या मशीनमदी गडबड असूच शकत न्हाय. असंच म्हणलो बगा मी, ह्याच तोंडानं.

आन् लगेच फॉरमॅट मारला. फॉरमॅट म्हणजे पेनड्राइव्ह धुऊन नव्यासारखा करायचा, एका बटणाचं काम. माजा नेम हाय, कुणाच्या बी वस्तूला हात लावायच्या आधी इचारायचं, ह्यात आनखी काय हाय का. त्या दिवशी न्हाय इचारलं. अस्सल कागद तिच्या पिशवीत दिसत हुते, मला वाटलं त्याचीच नक्कल असंल, दुसरं काय असणार. मग मी सोता कागद स्कॅन केले, आन् माजी दुसरी एक शिस्त हाय, गिऱ्हाइकाचे कागद मी माज्या मशीनमदी ठेवत न्हाय, ज्याचं त्याच्याच पेनड्राइव्हमदी टाकतो, तसे टाकले. परत फॉर्मवर आलो, परत ती खिडकी उघडली, पेनड्राइव्हवर दाबलं, तर रिकामा.

आता आत्ता तर माज्या हातानं टाकलेले! मी ब्राउझर बाजूला सारून पेनड्राइव्ह निराळा उघडून बगितला, तर समदं जाग्यावर. तवा डोक्यात उजेड पडला. पेनड्राइव्हला काय झालंच नव्हतं. ब्राउझर पेटीत बंद, त्याला पेनड्राइव्हमदी बगायची परवानगीच न्हाय, आन् तसं सरळ सांगायचं सोडून त्यानं रिकामा दाखवला. कागद मशीनमदी घेतले, फॉर्म भरला, पावती तिच्या हातात दिली, तिचा चेहरा असा फुलला की मी म्हणलं जाऊ दे, सुटलो.

ती पावती घडी करून पिशवीत ठेवत म्हणली, आता ह्यातले आमच्या मालकाचे फोटो बी दिसायला लागले का बगा की, त्यांचा मोबाइल फुटला, पुतण्यानं तेवढे ह्याच्यात भरून ठेवलेले, दुसरीकडं कुटं न्हाईत.

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी, त्यांच्यासमोर म्हणलो, ताई, तुमचा पेनड्राइव्ह चांगला हुता, माज्या मशीननं खोटं दाखवलं आन् मी तुमचे फोटो पुसले, चूक माजी हाय. ती बाकड्यावर बसली. ओरडली न्हाय, रडली न्हाय, नुसती माज्याकडं बगून म्हणली, मला इचारायचं तरी हुतं की. बास, एवढंच. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

पन मी बी ह्या धंद्यात केस पांढरे केलेत. फॉरमॅट मारलं म्हणजे आतला माल लगेच जात न्हाय, फक्त कुटं काय ठेवलंय ती यादी पुसली जाते, त्याच्यावर दुसरं काय ठेवलं तरच खालचं मरतं. आन् मी ठेवलं हुतं, तिचेच कागद, माज्या शिस्तीपायी. मी तिला सांगितलं, बरेचसे काढून देतो, समदे देईन असा शब्द देत न्हाय. पेनड्राइव्ह माज्यापाशी ठेवून जावं का न्हाय, असं तिला झालेलं मला दिसत हुतं. हातात धरला, रुमालात बांधला, परत सोडला, आन् मग टेबलावर ठेवून गेली. त्या एका गोष्टीसाठी मी त्या बाईचे उपकार मानतो.

दुसऱ्या दिवशी मी शटर निम्मं खाली ओढून बसलो. आधी त्या यंत्रणेच्या लोकांना इंटरनेटवर लिहिलं, असं असं झालं, हा तुमचा बिघाड दुरुस्त करा. तासाभरात कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं, हा बिघाड न्हाय, हे असंच असायचं हाय, परवानगी पायजे असंल तर अमका हुकूम टाइप करा. लिहिणारा खोटं बोलत नव्हता. पन माजी तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणलं बाबांनो, बदलताना इचारलं न्हाय, बदलल्यावर सांगितलं न्हाय, आन् वरनं आमालाच शिकवता? अर्धं टाइप केलं आन् थांबलो. कारण मी त्या बाईबरोबर दुसरं काय केलं हुतं? तेच केलं की. मला समदं कळतं, तुला काय कळतंय. मी ते लिहिलेलं पुसून टाकलं आन् फोटो काढायच्या कामाला लागलो.

लिनक्समदीच त्याचं फुकटचं साधन हाय, आन् ते कुणा कंपनीनं न्हाय, लोकांनी केलंय. दुपारपर्यंत एकेक फोटो वर याय लागला. नावेत उभा मालक, मोटारीचं नट आवळताना मालक, केळीच्या बागेत कुणाच्या तरी बारशात जेवताना मालक. समदे आले. फक्त एक, ती आन् तो दोघं पाण्याच्या काठाला उभी, त्याचा वरचा निम्माच आला. दोघांचे चेहरे स्वच्छ, आन् छातीखाली नुसता राखाडी रंग, तितं माजे स्कॅन केलेले कागद बसले हुते.

त्या महिन्यात मी दुकानातल्या समद्या मशिनांवरची यंत्रणा बदलली. लिनक्स न्हाय सोडलं, ते मी सोडणार बी न्हाय. ज्याच्यावरनं हा गाजलेला प्रकार तयार झाला, तो मूळचा प्रकार घेतला, दिसायला साधा, नट्टापट्टा न्हाय, लोकांनी मिळून चालवलेला. आन् ज्यांना ज्यांना मी माजा शब्द दिला हुता त्यांच्या घरी गेलो, पन ह्या बारीला आधी इचारलं, बदलू का. गुरुजी म्हणले अजिबात न्हाय, आत्ता कुटं मला माजं घर सापडलंय, तू परत गल्ली बदलू नकोस. मी म्हणलं बरं, राहू द्या. त्यांचं अजून तेच चालू हाय, मजेत हायत, मी जाऊन फक्त धूळ झटकून येतो.

ज्यांनी ते बनवलं त्यांच्यावर माजा राग न्हाय आता. त्यांच्यामुळं मी उभा राहिलो, पोरीला शिकवलं, ते मी विसरणार न्हाय, त्यांचं बी भलं होवो. फक्त माज्या नावावर मी ते आता कुणाच्या मशीनमदी टाकत न्हाय.

सुरेखाताईला ते काम मिळालं, आता हितंच सोलापुरात असते. गेल्या आठवड्यात दुकानात आली, म्हणली तो दोघांचा फोटो मोठा काढून द्या, खोलीत लावायचा हाय. मी म्हणलं ताई, आता अशी सोय आलीया की खालचा राखाडी भाग भरून काढता येतो, तुमची साडी, त्यांचे पाय, पाणी, खरं वाटंल असं समदं करून देतो, कुणाला कळायचं बी न्हाय, करू का? तिनं पडद्यावरच्या राखाडी भागावर बोट टेकवलं. मग म्हणली नको, त्या दिवशी त्यांनी काय घातलं हुतं ते मला ठाव हाय, मशीनला ठाव न्हाय. मी बरं म्हणलं आन् हाय तसाच प्रिंट काढून दिला.