ठाकूरसाहेबांचा हार

…नाई, हार घाला, मी नाई म्हनत नाई, पन प्लास्टिकचा? दोन वर्षं भाऊ, त्या हिंदी मालिकेत माया फोटो दिवानखान्यात टांगला होता, त्याले झेंडूचा प्लास्टिकचा हार, खाली लाल लाईट, अन् रोज संध्याकायी आठ वाजता मोठमोठ्या घरच्या बाया त्याच्यासमोर येऊन रडत. अन् मी इथं अंजनगावात बाजेवर बसून ते पाहात होतो. जित्ता हाव, बरं का!

तुमाले सांगतो, अमरावतीले कॉलेजात नाटकाचे बक्षीसं घेतले, तवा वाटलं आता नागसेन तायडेले कोन अडवते. मुंबईले गेलो. सात वर्षं इन्स्पेक्टरच्या मांगं हवालदार म्हून उभा राहिलो, मंग भेटला हा ठाकूर शमशेरसिंह. पयल्याच भागात सुनेले जवय बोलावाचं, म्हनाचं, "बहू, इस घर की चाबी…" अन् छातीवर हात ठेवून मराचं. मेलो. असा मेलो का क्यामेरावाला नाक पुसत होता. दिग्दर्शक म्हने, "नागसेनजी, आप तो इस कहानी की आत्मा हैं." मले काय ठाऊक, तो खरंच सांगून राहिला म्हून?

कारन करारात काय लिहेल होतं, तर फोटो भिंतीवर हाय तवरक दुसऱ्या मालिकेत दिसाचं नाई. कावून? तर मेलेला मानूस दुसरीकडं साबन विकताना दिसला तर लोकं भडकतीन. बरं, मिशी काढाची नाई, वजन वाढवाचं नाई. "फ्लॅशबॅक कभी भी आ सकता है, सर." मंग मुंबईत काम नाई अन् गावात या मिशीले शोभंन असं काम नाई. अकोटच्या एसटीत कंडक्टर तिकीट द्याच्या आंधी विचारे, "ठाकूरसाहेब, चाबी कुठं हाय?" अरे बाबू, मलेच माईत नाई! ते वाक्य माया गयात अडकून बसलं होतं. वाटे, एकडाव, एकच डाव मले जित्ता करा, मी वाक्य पुरं करतो अन् मंग खुशाल मरतो… आमच्या घरची, भावना, तिचं निरायंच. म्हने, "त्या सुनेसमोर रोज हसता, अन् घरी तोंड पाडून बसता." फोटो हाय तो, हसतच काढला, रोज नवीन कुठून काढू?

माय म्हनते, मेल्याची खोटी बातमी उठली का आयुष्य वाढते. या हिशोबानं मी चारशे वर्षं जगतो. मिशीसकट.

आता आयका. त्या फोटोची एक जास्तीची कापी मुंबईवाल्याइनं मले देली होती. मायनं ती बुद्धाच्या तसबिरीपासून दूर, दाराजवय लावली. हार नाई घालू देला, म्हने, माया लेक जित्ता हाय. पन मालिकेत ठाकूरची बरसी आली, तशा गल्लीतल्या बाया हार घेऊन हजर. भक्तीच ते, मायले नाई म्हनता येईना. अन् नेमक्या त्याच दिवशी दिल्लीचे पेपरवाले आले. त्या सालात आपल्या वऱ्हाडात गाड्या भरभरून येत होते ना, कोनाच्या घरच्या शेतकऱ्यानं जीव देला ते पाहाले? हार दिसला का गाडी थांबे. बाई उतरली, वही काढली.

"माताजी, ये कब हुआ?"

मायले वाटलं मालिकेचं विचारून राहिली. "साल हो गया. पहलेच दिन गया."

"कैसे?"

"छातीपर हाथ रखके. बहोत अच्छा मरा, सब लोगां रोये!"

"कुछ कह के गए?"

"चाबी का बोल रहा था. पूरा नई बोलने दिया उसको."

तेवढ्यात मी चा घेऊन आलो. बाई फोटोकडं पाहे, मायाकडं पाहे. "आप इनके भाई?" म्या म्हनलं, "नहीं, मैं ही हूँ. जिंदा हूँ." तिनं माया हात थोपटला अन् वहीवाल्याले म्हने, "सदमा लगा है इनको."

तुमी हसून राहिले. मी बी हसलो असतो. पन समोरच्याच घरी गंगूबाई, तिचा नवरा जानराव त्याच साली कर्जापायी गेला होता, खराखुरा. त्यानं जिंदगीत फोटो काढला नोता, म्हून भिंतीवर कायी नोतं, म्हून गाडी तिच्या दारावरून तशीच पुढं आली होती. मले लाज वाटली भाऊ, लय लाज वाटली. त्या वहीवाल्या बाईले हाताले धरून गंगूबाईच्या घरी नेलं. मंग गंगूबाई मले म्हने, "तू तरी फोटोतून उतरून चा देतं, नागसेना." त्या दिवसापासून मी चाबीची तक्रार कमी केली.

पन आस सुटते का? मांगच्या महिन्यात मुंबईचा फोन. "बधाई हो! ठाकूरसाहब लौट रहे हैं!" मिशीले तेल लावलं, बॅग भरली, गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी परत फोन. "सर, वो कहानी में प्लास्टिक सर्जरी डाली है. चेहरा बदल गया है."

म्हनजे समजलं का? ठाकूर परत, पन दुसऱ्याच्या तोंडानं.

त्या संध्याकायी लाईन बी गेली नाई, एरवी रोज जाते. अख्खी गल्ली आमच्या घरी. तो नवा आला, गोरापान, बिनामिशीचा, अन् म्हने, "बहू, इस घर की चाबी… मेरे पास है." बस? एवढंच? ह्याच्यासाठी दोन वर्षं? सुनेनं भिंतीवरचा माया फोटो काढला, हारासकट, अन् नोकराले देला. सकायी एसटीत कंडक्टरनं पाह्यलं बी नाई. फक्त, "तिकीट."

घरी आलो, तर माय खुशीत. स्टुलावर चढून दाराजवयच्या फोटोचा वायलेला हार काढून राहिली होती. "ठाकूर जित्ता झाला, बापा, आता हे काढते."

म्या म्हनलं, राहू दे माय. आता असू दे.