रिकामी चौकट

सर: पण आजच का? उद्या नवी आवृत्ती बाहेर पडतेय, आणि तू आज फिल्टरच्या कोडला हात लावतेस? जरा दम धर की.

ती: एकच बदल आहे, सर. 'कोणत्या मेल?' ही चौकट रिकामी असेल, तर मेल आपोआप फोल्डरमध्ये हलवणारा तो नियम एकाही मेलला लागू होऊ नये.

सर: वा! हेच मी तीन वर्षांपूर्वी घसा कोरडा करून सांगत होतो. तेव्हा तू फळ्यावर आकृत्या काढल्यास. म्हणे, अट नाही म्हणजे सगळ्याच मेल आल्या. शेवटी मी हात टेकले.

ती: ती ओळ माझीच आहे. माहीत आहे.

सर: मग आता कोणाची तक्रार आली?

ती: तक्रार करणारा माणूसच राहिला नाही.

सर: म्हणजे... बाबा?

ती: काल त्यांचं घर आवरत होते. कॉम्प्युटर उघडला. आपलाच प्रोग्राम, मीच बसवून दिलेला. इनबॉक्समध्ये आठ महिन्यांत एकही मेल नाही.

सर: असं कसं? तू तर दर रविवारी लिहायचीस. डबा खाताना सांगायचीस ना, बाबा रुसलेत, उत्तरच देत नाहीत म्हणून.

ती: माझ्याकडे राहायला या म्हणून मी भांडले होते, तोंडाला येईल ते बोलले. त्यांना ऐकू येत नव्हतं, फोन करून उपयोग नाही. मग लिहिलं, 'बाबा, चुकलं माझं.' चौतीस वेळा लिहिलं, सर! शेजारच्या काकू म्हणाल्या, रोज सकाळी चहाचा कप घेऊन स्क्रीनसमोर बसायचे. 'आजही काही नाही' म्हणायचे आणि उठायचे.

सर: अगं, एकदा जाऊन यायचंस गं.

ती: जायला हवं होतं. मीही हट्टालाच पेटले होते.

सर: आणि तुझ्या मेल? गेल्या कुठे?

ती: डावीकडे कोपऱ्यात एक फोल्डर होता. 'छकुली'. माझ्या मेल नीट जपून ठेवायला त्यांनी केलेला. नियमालाही नाव छकुलीच. पण ती चौकट कोरी. त्यामुळे जाहिराती, विजेच्या सूचना, माझी पत्रं, जे येईल ते थेट त्या फोल्डरमध्ये. तिथे जाऊन बघायचं असतं, हे त्यांना कळलंच नाही. एकही मेल उघडलेली नाही.

(सर पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवतात.)

सर: घे. दोन घोट घे. हे बघ, तेव्हा शेवटी होकार मीच दिला होता. तू बदल कर, वरच्यांना काय सांगायचं ते मी सांगतो... पण मला एक कळत नाही. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. एवढा काटेकोर. चौकट कोरी कशी सोडली त्यांनी?

ती: चुकून सोडली नाही. मी त्यांना पायऱ्या लिहून दिल्या होत्या, वहीच्या पानावर. ते पान कीबोर्डखाली सापडलं. 'नियमाला नाव द्या', त्याच्यापुढे पेन्सिलीने 'छकुली'. त्यांना वाटलं असणार, नाव दिलं म्हणजे कळलं कॉम्प्युटरला. खालची ओळ, 'कोणत्या मेल? सगळ्या हव्या असतील तर चौकट कोरी सोडा.'

सर: तिथे काही लिहिलंय?

ती: 'तिच्या सगळ्याच.'